मूतखडा, चेन्नईचा उन्हाळा आणि पोटॅशियम सायट्रेट

चेन्नईत मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात 'अग्नी नक्षत्र' सुरू होते. तमिळ लोक त्याला 'कत्तिरी वेयिल' म्हणतात. पुढचे साधारण साडेतीन आठवडे शहर भाजून निघते. ३१ मे २००३ रोजी इथे ४५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. आकडा इतका वर गेला नाही तरी समुद्राच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो. शरीर पाणी गमावत जाते, लघवी गडद आणि थोडी होत जाते. नेमके याच दिवसांत कुशीतून जांघेकडे जाणारी कळ घेऊन माणसे दवाखान्यात येऊ लागतात.

या शहरात मराठी माणसे पुष्कळ आहेत. तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून तमिळ देशात रुजलेली घराणी आहेत, कंपन्यांत नोकरीला आलेली तरुण जोडपी आहेत, आणि सोन्याच्या धंद्यातले गलाईवालेही आहेत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातून गलाईच्या धंद्यासाठी माणसे देशभर गेली. भट्टीसमोर बसून सोने गाळणाऱ्याला बाहेरचे ऊन आणि आतली धग अशा दोन्ही उष्णता सोसाव्या लागतात. सोने १०६४ अंशांना वितळते, त्या भट्टीपासून हातभर अंतरावर हा माणूस दिवस काढतो.

खड्याचा त्रास झाला की एका औषधाचे नाव हमखास कानावर पडते, ते म्हणजे पोटॅशियम सायट्रेट. डॉक्टर ते लिहून देतात, औषधाच्या दुकानात ते सिरपच्या बाटलीत मिळते, आणि एकाला गुण आला की तीच बाटली शेजारी, मेहुणा, कारखान्यातला सोबती असे सगळे घेऊ लागतात. औषध खरोखर गुणाचे आहे. पण त्याचा प्रत्येक गुण एखाद्या माणसाला अपायही करू शकतो. म्हणून ते घेण्याआधी तीन गोष्टी कळल्याच पाहिजेत: खडा कशाचा आहे, लघवी किती आम्लधर्मी आहे, आणि आपली मूत्रपिंडे पोटॅशियम नीट बाहेर टाकतात का.

हा क्षार आहे तरी काय

लिंबातले सायट्रिक आम्ल आणि पोटॅशियमचा कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड यांचा संयोग केला की हा क्षार तयार होतो. त्याच्या एका रेणूत पोटॅशियमचे तीन अणू असतात. तो पांढरा, स्फटिकरूप, बिनवासाचा असतो, चव खारट असते. पाण्यात तो भराभर विरघळतो आणि ते पाणी किंचित अल्कधर्मी होते. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे ३६ टक्के पोटॅशियम असते.

त्याचा आणखी एक गुण चेन्नईत फार महत्त्वाचा आहे. तो हवेतले बाष्प ओढून घेतो. बाटलीचे झाकण सैल राहिले की भुकटीचे गठ्ठे होतात, मग ती ओलसर होऊन चिकटते. म्हणून त्याच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत आधीच काढून ठेवू नका, स्ट्रिपमधून घ्यायच्या वेळीच काढा. भुकटीची पुडी एकदा फोडली की लगेच वापरा. औषध न्हाणीघरात किंवा शेगडीजवळ ठेवू नका.

शरीरात तो काय करतो

बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. लघवीतले कॅल्शियम आणि ऑक्झलेट एकत्र येऊन स्फटिक धरतात, स्फटिकावर स्फटिक चढतो आणि खडा वाढतो. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवते. ही जोडी पाण्यात विरघळलेलीच राहते, त्यामुळे ऑक्झलेटला जोडीदार मिळत नाही. जे बारीक स्फटिक झालेले असतात त्यांचे वाढणे आणि एकमेकांना चिकटणेही सायट्रेटमुळे मंदावते. काही माणसांच्या लघवीत मुळातच सायट्रेट कमी असते, आणि त्यांना खडे पुन्हा पुन्हा होतात.

गोळीतले सायट्रेट तसेच्या तसे लघवीत उतरते असे मात्र नाही. त्यातले बरेचसे शरीर जाळून टाकते आणि त्यापासून बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल शमवणारा पदार्थ, तयार होतो. रक्तातले आम्ल असे कमी झाले की मूत्रपिंड स्वतःकडचे सायट्रेट शोषून न घेता लघवीत सोडते. लघवीचा आम्लपणाही उतरतो.

दुसऱ्या प्रकारचा खडा युरिक आम्लाचा. लघवीचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितका आम्लपणा जास्त) ५.५ च्या खाली राहिला की युरिक आम्ल विरघळलेले राहत नाही. मधुमेह आणि स्थूलपणा असलेल्यांत अशी आम्लधर्मी लघवी जास्त दिसते. पीएच ६.५ च्या आसपास आणून तो तिथे टिकवला तर हे खडे शस्त्रक्रियेशिवाय हळूहळू विरघळू शकतात. इथे हे औषध खडा खरोखर विरघळवते.

कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार झालेला खडा मात्र ते विरघळवत नाही. नवा खडा होऊ न देणे आणि असलेला वाढू न देणे एवढेच त्याचे तिथले काम. हा फरक ध्यानात घेतला तर 'तीन महिने सिरप प्यायलो, खडा आहे तिथेच आहे' अशी निराशा होणार नाही आणि शस्त्रक्रियेची गरज असताना वेळही वाया जाणार नाही.

अमेरिकेत १९८५ मध्ये या औषधाच्या गोळीला मान्यता मिळाली. त्यामागे डॅलसच्या चार्ल्स पाक यांचे संशोधन होते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लघवीत सायट्रेट कमी असलेले रुग्ण तीन वर्षे पाहिले गेले. औषध घेणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांना नवा खडा झाला नाही. औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २० टक्के होते. रुग्ण थोडे होते, पण फरक मोठा होता. या औषधावर डॉक्टरांचा विश्वास आहे तो अशा पुराव्यामुळे.

बाटलीवरचे नाव नीट वाचा

उन्हाळी लागली, लघवीला आग होऊ लागली की दुकानदार बहुधा जे गोड सिरप देतो त्यात पोटॅशियम सायट्रेट नसते. त्यात डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट असते, म्हणजे सोडियमचा क्षार. दोन्ही बाटल्या सारख्या दिसतात, दोन्हींवर 'सायट्रेट' असते, आणि दोन्ही लघवीचा आम्लपणा उतरवतात. पण शरीराच्या दृष्टीने त्या वेगळ्या आहेत.

सोडियम वाढले की लघवीतून कॅल्शियम जास्त जाते, आणि खडा टाळायचा असताना तेच नको असते. रक्तदाब, हृदयविकार किंवा पायावर सूज असलेल्या माणसालाही सोडियमचा भार नको. उलट मूत्रपिंडे कमजोर असलेल्याला पोटॅशियमचा भार चालत नाही. म्हणून दुकानात उभे असतानाच बारीक अक्षरे वाचा. तमिळ येत नसेल तर एवढे विचारा: 'इदु सोडियमा, पोटॅशियमा?' कोणताही दुकानदार उत्तर देईल.

पोटॅशियमच्या सिरपमध्ये बहुधा ५ मिलिलिटरला ११०० मिलिग्रॅम पोटॅशियम सायट्रेट आणि ३३४ मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल असते. त्यातून सुमारे १० मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे अंदाजे ३९० मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जाते. १०८० मिलिग्रॅमच्या एका गोळीतही तेवढेच असते. मध्यम आकाराच्या केळ्यातही साधारण इतकेच पोटॅशियम असते. प्रौढाला बहुधा दिवसाला ३० ते ६० मिलिइक्विव्हॅलंट विभागून देतात. म्हणजे दिवसाला तीन ते सहा केळ्यांइतके पोटॅशियम, तेही रोजच्या जेवणाशिवाय. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकते, आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही.

आधी या तपासण्या

खडा पडला तर तो टाकू नका. गाळणीतून लघवी गाळून तो धरा, कोरड्या डबीत ठेवा आणि प्रयोगशाळेत द्या. खडा कशाचा आहे हे कळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग हाच. युरिक आम्लाचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसतो. हेही डॉक्टरांना निदानाच्या कामी येते.

रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडे कशी चालतात ते यावरून कळते), पोटॅशियम, कॅल्शियम आणि युरिक आम्ल तपासतात. रक्तातले पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर असते. ते आधीच वरच्या टोकाला असेल तर या औषधाचा विचार डॉक्टर फार जपून करतील.

लघवीची साधी तपासणी आणि कल्चरही करून घ्यावे. जंतुसंसर्गामुळे होणारे खडे अल्कधर्मी लघवीत वाढतात. तिथे हे औषध दिले तर आगीत तेल ओतल्यासारखे होते.

खडे पुन्हा पुन्हा होत असतील तर २४ तासांची लघवी तपासतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून घड्याळ सुरू. दिवसभराची आणि रात्रीची सगळी लघवी प्रयोगशाळेने दिलेल्या डब्यात जमवायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळची पहिली लघवी धरून डबा बंद करायचा. मध्ये एकदाही विसरलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, कारण अर्धवट डब्यावरून काढलेले आकडे डॉक्टरांची दिशाभूल करतात. त्या दिवशी नेहमीसारखेच खा-प्या. तपासणी आहे म्हणून मुद्दाम जास्त पाणी पिऊ नका.

घ्यायचे कसे

मात्रा डॉक्टर ठरवतील. घेण्याची रीत मात्र तुमच्या हातात आहे.

गोळी जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पेलाभर पाण्याबरोबर घ्या. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ, जळजळ आणि जुलाब होतात. हळूहळू विरघळणारी गोळी चावू नका, कुटू नका, तोंडात चघळू नका, कारण एकाच जागी एकवटलेले पोटॅशियम आतड्याच्या अस्तराला इजा करते. गोळी घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका. शौचात गोळीचे रिकामे टरफल दिसले तर घाबरू नका, आतले औषध शरीराने घेतलेले असते.

सिरप चमच्याने तसेच घशात ओतू नका. ते पेलाभर गार पाण्यात मिसळून घोट घोट प्या. मात्रा मोजायला बाटलीबरोबरचे मापच वापरा, कारण घरातले चमचे एकसारखे नसतात.

डॉक्टरांनी सांगितले असेल तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीने घरी लघवीचा पीएच पाहता येतो. तो ६ ते ७ च्या दरम्यान असावा. कमी असेल तर औषध पुरत नाही. सात ओलांडून तो वरच राहिला तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होण्याचा धोका असतो. आकडा तारखेसह वहीत लिहा आणि मात्रा स्वतः न बदलता ती वही डॉक्टरांना दाखवा. सिस्टिनचे खडे असलेल्या थोड्या रुग्णांना सातच्या वरचा पीएच लागतो, पण तो निर्णय तज्ज्ञांचाच.

औषध चालू असताना रक्तातले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन ठरल्या वेळी तपासत राहा. सामान्यतः दर चार महिन्यांनी, मूत्रपिंडे किंवा हृदय कमजोर असेल तर त्याहून लवकर. बरे वाटते म्हणून ही तपासणी टाळू नका. वाढलेले पोटॅशियम पुष्कळदा काही लक्षण न दाखवताच हृदयाची लय बिघडवते.

कोणी घेऊ नये, कोणी जपून घ्यावे

मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्यांनी, रक्तातले पोटॅशियम वाढलेल्यांनी आणि जंतुसंसर्गाचा खडा असलेल्यांनी हे औषध घेऊ नये. जठरात व्रण असेल किंवा अन्न पुढे सरकण्यात अडथळा असेल तर गोळी चालत नाही.

रक्तदाबाच्या गोळ्यांकडे विशेष लक्ष द्या. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या शरीरात पोटॅशियम साठवून ठेवतात. स्पायरोनोलॅक्टोन तर ते चांगलेच साठवते. त्यात पोटॅशियम सायट्रेटची भर पडली आणि वर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी रोज सुरू असली, की धोका एकावर एक चढत जातो. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठही बरेचदा पोटॅशियम क्लोराइड घालून केलेले असते, तेही हिशेबात धरा. अ‍ॅल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधे सायट्रेटबरोबर घेतली तर अ‍ॅल्युमिनियम जास्त शोषले जाते, म्हणून तीही सांगा. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या. नावे आठवत बसण्यापेक्षा ते खात्रीचे.

भट्टीसमोर आणि उन्हात राबणाऱ्यांसाठी

औषधाच्या आधी पाणी येते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात, पहिला खडा होऊन गेलेल्यांना पाच वर्षे पाणी वाढवायला सांगितले. त्यांच्यात १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. तसे न सांगितलेल्यांत २७ टक्क्यांना झाला. नुसत्या पाण्याने एवढे साधते.

उष्णतेत काम करणाऱ्यांचा धोका चेन्नईतल्याच संशोधकांनी मांडला आहे. पोरूरच्या श्री रामचंद्र संस्थेतील विद्या वेणुगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या एका पोलाद कारखान्यातले कामगार तपासले आणि उष्णतेत काम करण्याचा मूतखड्याशी असलेला संबंध २०२० मध्ये प्रसिद्ध केला. कामाच्या जागी स्वच्छतागृह नसल्याने उष्णतेत राबणाऱ्या स्त्रियांच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, यावरही त्यांनी २०१६ मध्ये लिहिले. स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारी बाई खड्याला आणि जंतुसंसर्गाला एकदमच वाट करून देते. दुकान किंवा कारखाना चालवणाऱ्याने भट्टीजवळ पिण्याचे पाणी, पंखा आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह दिले पाहिजे. ते देणे हा कामगारांवर उपकार नाही, मालकाचे कर्तव्य आहे.

किती प्यावे हे पेल्यांत मोजू नका, लघवीवरून ठरवा. दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हावी. घाम गाळणाऱ्याला त्यासाठी तीन-चार लिटर किंवा त्याहून जास्त पाणी लागते. रंग फिक्या पेंढ्यासारखा असावा. तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला थोडे प्या आणि झोपण्यापूर्वीही पेलाभर घ्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितले असेल तर तीच मर्यादा पाळा.

बोअरवेलचे जड पाणी प्यायल्याने खडा होतो अशी समजूत चेन्नईत घरोघरी आहे. पाण्यातले कॅल्शियम हे खड्याचे मोठे कारण नाही, कमी पाणी हे आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव आटले तेव्हा माणसे टँकरसमोर घागरी घेऊन उभी होती आणि घरात प्यायचे पाणीही जपून वापरत होती. अशा टंचाईत बाकीच्या कामांचे पाणी कमी करा, पिण्याचे नको.

ताटात आणि पेल्यात

दही-ताक सोडू नका. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरते आणि ते रक्तात जाऊ देत नाही. इथला दहीभात खडेवाल्याला चांगलाच. कमी करायचे ते मीठ: लोणचे, पापड, सुकी मासळी, पाकिटातले खारे पदार्थ. 'नीर मोर' म्हणजे पातळ ताक जरूर प्या, त्यात मीठ बेताचे घाला. पालक, बीट, दाणे आणि कडक चहा यांत ऑक्झलेट भरपूर असते, ते रोज आणि मनमुराद नको. मटण-मासे रोज खात असाल तर प्रमाण कमी करा, कारण त्याने लघवी आम्लधर्मी होते.

लिंबूपाण्यात सायट्रेट असते, पण मुख्यतः आम्लाच्या रूपात, म्हणून पोटॅशियम सायट्रेटइतका आम्ल शमवण्याचा गुण त्यात नाही. संत्र्याच्या रसात पोटॅशियमही असते, त्यामुळे तो त्या कामी लिंबापेक्षा सरस ठरला आहे. मोसंबी, म्हणजे इथली 'सात्तुकुडी', त्याच कुळातली. मधुमेह असेल तर रसापेक्षा फळ बरे.

शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी माणसाला शहाळे उत्तम. मूत्रपिंड कमजोर असलेल्याने मात्र ते औषध समजून रोज पिऊ नये. 'वाळैत्तंडु', म्हणजे केळीचा गाभा, इथे खड्यावर घरोघरी देतात. भाजी म्हणून तो छान आहे, पण तो खाल्ला म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

औषधाबाहेरचे उपयोग

हाच क्षार खाद्यपदार्थांत आंबटपणा एका पातळीवर राखायला वापरतात. सरबते, जॅम, जेली, चीज यांच्या वेष्टनावर 'आयएनएस ३३२' दिसले तर हाच समजा. त्यातले प्रमाण निरोगी माणसाला काळजीचे नसते. दात शिवशिवणाऱ्यांच्या काही टूथपेस्टमध्येही तो असतो, कारण पोटॅशियममुळे दाताच्या नसेची संवेदना मंदावते.

सोन्याच्या व्यवसायातही तो आहे. विजेच्या साहाय्याने सोन्याचा मुलामा देताना काही आम्लधर्मी द्रावणांचा पीएच स्थिर राखायला सायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम सायट्रेट वापरतात. त्या द्रावणात सोन्याचे सायनाइड असते. त्यात आम्ल जास्त पडले तर अत्यंत विषारी वायू सुटू शकतो. म्हणून मुलाम्याची जागा हवेशीर असावी, आम्ल मोजल्याशिवाय घालू नये, आणि तिथले कोणतेही रसायन पाण्याच्या जुन्या बाटलीत कधीही भरू नये. जॉर्ज टाउनच्या घाऊक बाजारात मिळणारा कारखान्याच्या दर्जाचा क्षार स्वस्त असला तरी तो औषध नाही. पोटात घ्यायचा क्षार औषधाच्या दुकानातूनच, चिठ्ठीवर आणि पावतीसह घ्यावा.

केव्हा थांबू नये

कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्यांमुळे पाणीही ठरेना, एकच मूत्रपिंड असताना कळ आली किंवा गरोदरपणात असे दुखू लागले, तर घरगुती उपाय थांबवून लगेच रुग्णालय गाठा. अडकलेल्या खड्यामागे संसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेतू शकते. औषध घेणाऱ्याला अचानक अशक्तपणा आला, छातीत धडधडू लागले किंवा काळे शौच झाले तरी तेच करा. तमिळनाडूत १०८ वर रुग्णवाहिका मिळते. भाषेची अडचण असेल तर 'सिरुनीरग कल्', म्हणजे मूतखडा, एवढे सांगता आले तरी पुरे.

घरात आज पोटॅशियम सायट्रेटची बाटली असेल तर ती कोणासाठी, केव्हा आणि कोणत्या तपासणीवरून आली ते पाहा. उत्तर मिळाले तर ती नीट, ठरल्या मात्रेत घ्या आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहा. उत्तर मिळाले नाही तर बाटली बाजूला ठेवा, पाणी वाढवा आणि या आठवड्यात क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवी तपासून घ्या.